आक्काचा दिवाण

लातूरच्या त्या घरात माणसांना बसायला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या आणि मांजरांना सोफासेट होता. मी वरची खोली बघायला गेलो तेव्हा एका खुर्चीवर घरमालक बसले होते आणि दुसरीवर दोऱ्याचे गुंडे. मी उभाच राहिलो. समोर एक गलेलठ्ठ पिवळा बोका हातभर लांबीच्या निळ्या सोफ्यावर रेलून माझ्याकडं बघत होता. मुलाखत खरं तर त्यानंच घेतली. दहाएक मिनिटांनी तो सावकाश उठला, माझ्या बॅगेवर जाऊन बसला, आणि घरमालक म्हणाले, "चेअरमनला चालतंय. एक तारखेला या राहायला."

आधार कार्ड, गाव कोणतं, लग्न झालंय का, मटण खाता का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. लातुरात खोली शोधत फिरलेल्या माणसालाच याची किंमत कळेल.

मी त्यांना काका म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे, कारण मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत होतो. आमच्या गल्लीत प्रत्येकानं घरातल्या चार खोल्यांच्या बारा केल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत तीन-तीन भावी डॉक्टर भरले होते. काकांच्या खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या. शेजारचे हॉस्टेलवाले गृहस्थ दर महिन्याला येऊन त्यांना व्यवहार समजावून सांगत. काका सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "पोरं ठेवली तर मांजरं कुठं झोपतील?" शेजारी माझ्याकडं बघत कपाळाला हात लावायचे आणि निघून जायचे.

मांजरं तीन होती. चेअरमन सांगितलाच, तो बसलेला असायचा, आणि एवढ्यावरच त्याला सगळे मानायचे. दुसरा काळा-पांढरा तलाठी, जो गरज असताना कधीही जागेवर सापडला नाही. आणि तिसरी आक्का. आक्का म्हातारी, राखी रंगाची, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. तिला काकांनी कुठलंही पद दिलं नव्हतं. ती घरातली होती.

काका सरकारी खात्यात आरेखक होते. म्हणजे नकाशे काढणारे. तीसेक वर्षं त्यांनी कालवे, पूल आणि पाझर तलाव कागदावर काढले. त्यांनी काढलेला पूल आणि प्रत्यक्षात उभा राहिलेला पूल समोरासमोर आले असते तर एकमेकांना ओळख दिली नसती. प्रत्येक नकाशात वरचा एक साहेब, खालचा एक ठेकेदार आणि बाजूचा एक पुढारी आपापली भर घालत. काकांची सही मात्र कायम. "माझ्या सहीचा एक बी पूल माझा न्हाई, मास्तर," असं ते एकदा म्हणाले होते, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

निवृत्त झाल्यावर महिन्याभरात ते स्कूटरवरून पडले. मनगट प्लॅस्टरमध्ये. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दाबायला सांगितला. काकांनी दोन दिवस चेंडू दाबला आणि तिसऱ्या दिवशी हा निरुपयोगी धंदा आहे असं जाहीर केलं. मग मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाईचा क्रोशाचा व्हिडिओ सापडला. बाई काय बोलते ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी आवाज बंद केला आणि फक्त तिचे हात बघितले. साखळी, खांब, मुका खांब, सगळे टाके असे मुक्यानंच शिकले. काकूंना क्रोशा येत नव्हता, यायची इच्छाही नव्हती. त्या म्हणायच्या, "लोकाचे नवरे रिटायर झाल्यावर देवाला लागतात. आमचे मांजराच्या फर्निचरला लागले."

आता कुणी म्हणेल, छंद आहे, करू द्या. छंद असता तर मीही काही बोललो नसतो. काकांचं ते खातं होतं. आधी मांजराचं माप. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, बसल्यावरची रुंदी, वेटोळं करून झोपल्यावरचा व्यास. चेअरमनचं माप दर तीन महिन्यांनी नव्यानं घ्यावं लागे, कारण त्याची वाढ थांबायला तयार नव्हती. मग ट्रेसिंग पेपरवर नकाशा: वरून, समोरून, बाजूनं. उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत कामाचं नाव, "तलाठी यांचेकरिता आरामखुर्ची", प्रमाण, आणि खाली मंजुरीची जागा. मंजुरी काकूंची. त्या पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं सही करत आणि शेरा मारत. एका नकाशावर मी स्वतः वाचलेला शेरा असा: "मंजूर. पण हॉलमध्ये ठेवू नये."

"आधी माप, मग मत," हे काकांचं पालुपद होतं. कुणी म्हणालं यंदा लई ऊन आहे, की काका विचारणार, "किती?" कुणी म्हणालं अमक्याची सून चांगली नाही, तरी हेच. गल्लीत त्यामुळं त्यांच्याशी गप्पा मारायला फारसं कुणी येत नसे.

दोरा आणायला ते गंजगोलाईत जायचे, आणि रविवारी मी मोकळा दिसलो की मलाही न्यायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, अर्ध्या तासाचं काम. दुकानदार मोठे सोशिक गृहस्थ होते. काका दिसले की ते न बोलता शिडी लावत. काका गुंडा घेत, दोऱ्याचं टोक मनगटाच्या आतल्या बाजूवर घासत, मग गालावर. मग खिशातून सेफ्टी पिन काढून दोऱ्यात अडकवून ओढत, कारण सैल पिळाचा दोरा मांजराच्या नखानं दोन दिवसांत पिंजून निघतो. मग काडी पेटवून टोक जाळत. वितळून गोळी झाली तर ॲक्रिलिक, केस जळल्याचा वास आला तर लोकर, नुसती राख उरली तर सूत. मी रसायनशास्त्राचा माणूस. मला हे पटत होतं, पण दुकानात आग लागायला नको एवढंच वाटत होतं.

"काका," दुकानदार म्हणाले, "बिल्ली के वास्ते इत्ता देखते क्या? बेटी के सादी में बी लोगां इत्ता नै देखते."

"बेटी बोलून दाखवती, भाईजान," काका म्हणाले. "बिल्ली को कैसा पूछना?"

पण विचारायचीही सोय त्यांनी केली होतीच. चार-पाच प्रकारचे दोरे थोडे थोडे आणायचे, प्रत्येकाचा तळहाताएवढा चौकोन विणायचा, ते चौकोन फरशीवर ओळीनं मांडायचे, आणि आपण खोलीबाहेर जाऊन दाराच्या फटीतून बघत बसायचं. मांजर ज्यावर बसेल तो दोरा पास. चेअरमन पाचही चौकोनांवर एकदम बसायचा, त्यामुळं त्याच्या बाबतीत काकांना स्वतःचा निर्णय घ्यावा लागे. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझ्या साडीचा रंग इचारला न्हाई कदी तीस वरसांत!"

विणलेल्या गोष्टीला ताठपणा यावा म्हणून काका आधी साखरेचा पाक लावायचे. त्यातून एक खुर्ची मुंग्यांनी अंगणातून गटारापर्यंत नेली म्हणे. मी ते बघितलेलं नाही, पण त्यानंतर साबुदाण्याची खळ आली. आतले पाय प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे कापून, त्यावर मुक्या खांबांचं घट्ट आवरण. गादी कापसाची. बघणाऱ्याला ही खेळणी वाटत, पण आक्काच्या दिवाणावर मी एकदा चुकून हाताचं कोपर टेकलं होतं, तो हलला नाही. त्यांच्या सहीचा एखादा पूल असा झाला असता तर जिल्ह्याचं भलं झालं असतं.

गल्लीतल्या पुरुषांना हे सगळं फार लागलं होतं. बाईनं रात्रंदिवस सुई चालवली तर तो संसार, आणि पुरुषानं ओट्यावर बसून क्रोशा केला की गल्लीची इज्जत जाते. पारावरचे एक निवृत्त फौजदार मुद्दाम विचारायचे, "काय साहेब, पोलकं कवा शिवताय?" काका सुई न थांबवता म्हणायचे, "छातीचं माप द्या, उद्या देतो." फौजदारांनी पुढं तो रस्ता बदलला.

आक्काचा दिवाण हे काकांचं सगळ्यात मोठं काम. आंधळ्या मांजराला जागा वासानं आणि कडेनं सापडते, हे त्यांनी कित्येक आठवडे तिच्यामागं फिरून टिपून काढलं होतं. म्हणून दिवाणाच्या तीन बाजूंना उंच काठ, चौथी बाजू जमिनीला जवळजवळ टेकलेली, म्हणजे तिला चढायला नको. दोरा मिळवायला तीन महिने गेले. लातुरात मिळाला नाही, उदगीरला मिळाला नाही. शेवटी नांदेडला एका जुन्या दुकानात मातकट रंगाचा जाड सुती दोरा सापडला, बंद पडलेल्या मालातला. जेवढा होता तेवढा उचलला, आणि तो नेमका पुरला. आक्का त्यावर पहिल्यांदा झोपली तेव्हा सलग चौदा तास झोपली. काकांनी वहीत तसं लिहून ठेवलं.

आता माझ्या बहिणीच्या लग्नाकडं वळतो, कारण माझी खरी कर्तबगारी तिथं आहे.

शीतल माझी धाकटी बहीण. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. सुई हातात धरली की समोरच्याचं रक्तच काढणार. स्थळ हदगावचं, मुलगा चांगला, माणसं चांगली. बैठकीत होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आमाला हुंडा नको, मानपान नको. फकस्त रुखवत तेवढं पोरीच्या हातचं पाहिजे. ते भाड्यानं आनलेलं मला चालत न्हाई. पोरीचा हात दिसाया पाहिजे." त्या स्वतः विणकाम करणाऱ्या होत्या. आमची आई लोह्याची, समोरच्याला नाही म्हणणं तिला जमत नाही. ती म्हणाली, "हाव, हाव, समदं तिच्याच हातचं हाय." शीतलनं माझ्याकडं बघितलं. तिनं जन्मात एक रुमालही विणला नव्हता.

लग्नाला तीन आठवडे उरले होते. आईनं लाडू-चकल्यांचं बघते म्हटलं, मावश्यांनी सुपाऱ्यांची सप्तपदी करायला घेतली, आणि विणकामाचा भार माझ्यावर पडला, कारण माझ्या घरमालकाच्या घरात ते ढिगानं होतं. मी काकांना सगळं खरं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. "पोरीनं केलं न्हाई ते केलं म्हणायचं," ते म्हणाले, "म्हंजे माझ्या सहीसारखंच झालं की." पण थोड्या वेळानं उठले आणि स्वतःच सामान काढू लागले. निळा सोफा, चार खुर्च्या, टीपॉय, आरामखुर्ची, छोटा पाळणा. सगळं ओट्यावर मांडलं, ब्रशनं झाडलं.

"हे समदं न्या," ते म्हणाले. "आक्काचा दिवाण सोडून."

"संध्याकाळपर्यंत सगळं परत आणतो, काका," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि झाडलेला सोफा पुन्हा झाडायला घेतला. मी इतका हुशार की मला त्यातलं काही जाणवलंही नाही. मी अलीकडं जेवढी लग्नं बघितली त्यात रुखवत भाड्याचं असायचं. दुपारी जेवणं उरकली की दुकानाचा माणूस येऊन सगळं खोक्यात भरून परत न्यायचा. त्यामुळं रुखवत परत येतं असा माझा पक्का समज झाला होता. घरचं रुखवत नवरीबरोबर सासरी जातं, ही गोष्ट माझ्या आईला माहीत होती, मावश्यांना माहीत होती, शीतललाही माहीत होती. मला कुणी सांगितली नाही, कारण एवढं न कळणारा माणूस शिक्षक असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी जीपमध्ये सामान भरत होतो. काका दूध आणायला गेले होते. आक्का आत काकूंजवळ होती. दिवाण व्हरांड्यात होता, काकांनी सकाळच्या उन्हाला ठेवलेला. मी त्याच्याकडं बघितलं. सोफा, खुर्च्या, पाळणा, सगळं होतं, पण त्या मांडणीत मधोमध ठेवायला काही नव्हतं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मी स्वतःला म्हणालो. संध्याकाळी इथंच आणून ठेवू, कुणाला कळणारही नाही. आणि मी तो उचलला. चिकटपट्टी फिरवून त्यावरचे राखी केस काढले. चोरी अशी काळजीपूर्वक करावी.

लोह्याच्या कार्यालयात रुखवतापुढं गर्दी झाली. बायका फोटो काढत होत्या. विहीणबाईंनी चष्मा लावला, दिवाण हातात घेतला, उलटा केला, आणि मागची बाजू बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. "मागून बी फुडून बी सारखंच," त्या म्हणाल्या. "एक गाठ दिसत न्हाई गं! काय हात हाय पोरीचा!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. शीतल खाली बघत होती. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

पंगती उठल्या, अक्षता झाडल्या, मी खोकी घेऊन रुखवताच्या टेबलापाशी गेलो, तर टेबल रिकामं. पाहुण्यांच्या टेंपोत सगळ्यात आधी रुखवत चढलं होतं. मी टेंपोमागं चार पावलं धावलोही. बघणाऱ्यांना वाटलं, भाऊ रडवेला झालाय. खोटं नव्हतं ते.

लातूरला परतलो तर काका जिन्याखाली काठी घालून काहीतरी शोधत होते. दिवसभर शोधत होते. शेजारच्या हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन आले, गटारं बघितली, कुत्र्यानं ओढून नेला असेल म्हणून मोकळ्या प्लॉटपर्यंत फिरून आले. मी त्यांना सांगितलं. ते ओट्यावर बसले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"बाकीचं गेलं त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "मला म्हाईत होतं ते येत नसतं. मोजमाप हाय, पुन्ना करता येतं."

मग त्यांनी काठी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि ते आत गेले.

त्याच रात्रीपासून त्यांनी नवा दिवाण विणायला घेतला. तोच नकाशा, तेच माप, पण दोरा दुसरा. नांदेडच्या दुकानात फोन केला. तो माल संपला होता आणि पुन्हा येणार नव्हता. चौथ्या दिवशी दिवाण तयार झाला. आक्कानं तो हुंगला आणि वळून निघून गेली. ती व्हरांड्यातल्या त्या जागी जायची, जिथं तिचा काठ असायचा तिथं नाक लावायची, आणि काठ नसल्यामुळं पुढं भिंतीवर आपटायची. मग उघड्या फरशीवर बसून राहायची. दूध बंद केलं. भाकरीचा तुकडा बंद. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय. एवढं मलाही सांगता आलं असतं.

सातव्या दिवशी सकाळी काकू जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. "मास्तर," त्या म्हणाल्या, "म्हातारं मांजर हाय, आज न्हाई उद्या जाईल. मी त्येचं बोलत न्हाई. पर ह्ये गेले तीन दिवस सुई हातात धरून बसल्येत आन एक टाका घालीत न्हाईत. तुमी काय करताय ते करा."

मी क्लासला सुट्टी टाकली. खाली जाऊन काकांना म्हणालो, हदगावला जाऊ. त्यांनी कापडी पिशवीत आक्काला बसवलं, वर टॉवेल टाकला, खिशात मोजपट्टी टाकली, जशी रोज टाकत तशी, आणि आम्ही एसटीनं निघालो. कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं, "ह्येचं तिकीट?" काकांनी विचारलं, "किती बसतं?" तो हसला आणि पुढं गेला. काका हसले नाहीत. सबंध रस्ता त्यांचा हात पिशवीत होता.

नांदेडला बस बदलल्यावर मी हात जोडले. "काका, तिथं काही बोलू नका. लग्नाला आठवडा झालाय. तो दिवाण तिनं केला नाही असं कळलं तर तिला त्या घरात आयुष्यभर मान वर करता येणार नाही."

"मी खोटं बोलणार न्हाई," काका म्हणाले. "न विचारता खरं बी बोलणार न्हाई. एवढं चालतंय का बघा."

मी ठरवलं होतं, दिवाणाचा एक पाय ढिला आहे म्हणायचं, आणि दुरुस्तीला म्हणून न्यायचा.

जावईबापू कामावर गेले होते. घरात शीतल आणि विहीणबाई. बैठकीत काचेच्या शोकेसमध्ये निळा सोफा, खुर्च्या, टीपॉय, पाळणा, सगळं ट्यूबलाइट लावून मांडलेलं. दिवाण नव्हता. मग विहीणबाईंनीच हौसेनं दाखवलं. देवघर आतल्या खोलीत, जमिनीलगत, आणि देवघरापुढं आक्काचा दिवाण. त्यावर पितळी बाळकृष्ण. रांगता बाळकृष्ण तो, त्याला झोपवला तरी रांगतच झोपणार. पण रोज रात्री त्याला त्यावर निजवून त्या शेजारती करत होत्या.

"मावशी," मी म्हणालो, "त्याचा एक पाय जरा ढिला आहे. दुरुस्त करून आणतो."

"ढिला? मी रोज हात लावते. गच्च हाय." त्यांनी काकांकडं बघितलं. "आन हे कोन?"

"माझे घरमालक."

"आन पिशवीत?"

"मांजर."

"दुरुस्तीला मांजर कशापायी आनलं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. तेवढ्यात पिशवीतून आवाज आला. सात दिवसांत पहिल्यांदा. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि आक्का बाहेर आली. तिचे पाय लटपटत होते. चौकटीवर तिचं डोकं आपटलं, ती थांबली, भिंत धरून पुढं गेली, देवघरापाशी पोचली, दिवाणाच्या काठाला नाक लावलं, कडेकडेनं फिरून बुटकी बाजू शोधली आणि वर गेली. बाळकृष्ण मधेच होता. ती त्याच्याभोवती वेटोळं करून बसली. तीन बाजूंच्या काठांत ती अगदी मापात बसली. कुठं बोटभर जागा कमी नाही की जास्त नाही. तिनं तोंड पोटात घातलं.

"अगं बाई! देव बाटला माझा!" विहीणबाईंनी हात उगारला. शीतलनं तो हात वरच्या वर धरला.

"आई, उठवू नका तिला," ती म्हणाली. "तिचाच हाय तो. मी न्हाई केलेला. ह्यातलं काईच मी न्हाई केलेलं. मला साखळी बी घालता येत न्हाई."

मी डोळे मिटले होते, हे कबूल करतो. विहीणबाई मटकन पाटावर बसल्या.

"समद्या गल्लीला दाखवलं म्या," त्या म्हणाल्या. "सुनंचा हात बघा, सुनंचा हात बघा. आता काय सांगू त्येंला?" मग शीतलकडं वळून, "तू तरी सांगायचं."

"तुमी रोज त्याच्यावर हात फिरवीत होता," शीतल म्हणाली. तिला रडू फुटलं. "मला धीर झाला न्हाई."

विहीणबाई काकांकडं वळल्या. "तुमी केलं?"

"हाव."

"पुरुष मानसानं?"

"रिटायर झाल्यावर."

त्यांनी आक्काच्या पोटाखालून हलक्या हातानं बाळकृष्ण काढला, पदरानं पुसला, तळहातावर धरला. राग गेला नव्हता. "आन ह्यानं कुठं निजायचं आता?"

काकांच्या हातात मोजपट्टी आलीच होती. "दाखवा," ते म्हणाले. त्यांनी देवाचं माप घेतलं, लांबी, रुंदी, रांगताना उचललेल्या हाताची उंची. "सव्वादोन इंच. एवढ्या मोठ्या दिवाणावर त्याचा जीव घाबरा होत आसंल. रंग कोणता?"

"पिवळा," त्या रागातच म्हणाल्या. थोड्या वेळानं, "सुती घेता का रेशीम?"

"रेशमावरून घसरंल."

"कोपऱ्यावर दोन खांब घालता का तीन?"

"तीन. आन मधे एक साखळी."

"म्हनून ताठ राहतो व्हय," त्या म्हणाल्या आणि पाट काकांच्या जवळ सरकवला. त्यानंतर दीड तास त्या दोघांना मी, शीतल आणि झालेलं लग्न यांपैकी कशाचीही आठवण नव्हती. नांदेडच्या दोन गाड्या गेल्या. काकांच्या विणकामाकडं इतकी वर्षं लोक हसायला बघत, नाहीतर कौतुकानं मान हलवून पुढं जात. कोपरा कसा वळवला असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारलं. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली घाई होती.

शीतलला ती गोष्ट लगेच माफ झाली नाही. पुढं कितीतरी दिवस विहीणबाई तिच्याशी कामापुरतंच बोलायच्या. माझ्याशी तर निघतानाही बोलल्या नाहीत. दिवाण मात्र त्यांनी स्वतः जुन्या धोतरात बांधून काकांच्या हातात दिला.

परतीच्या गाडीत काका खिडकीपाशी, मांडीवर दिवाण, दिवाणावर आक्का. नांदेडच्या स्टँडवर ती बशीभर दूध प्यायली होती. मी दिवसभर मनात जुळवलेली माफी बोलायला तोंड उघडलं, पण काकाच आधी बोलले.

"मागितला आसता तर मी दिला नसता, मास्तर. पर मागायचा तरी."

मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती पहिल्यांदाच पुरती वाटत होती.

लोह्याच्या पुढं रस्ता खराब होता. काकांना खिशातून चष्मा काढायचा होता. त्यांनी दिवाण आक्कासकट उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"धरा जरा," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी. तिला अजून तुमच्याबद्दल काय म्हाईत न्हाई."